अनिशचे पाय कुणाचं ऐकत होते

सव्वाशे किलोचा माणूस तुम्हाला पाडायला धावत येतोय, आणि त्याच्याकडे न बघता जागेवर उभं राहून दूर समोर बघणं हेच तुमचं काम आहे. तुमचे पाय थांबतील?

अनिशला हाच प्रश्न अख्खा संघ विचारत होता. फक्त जरा वाईट शब्दांत.

अनिश पेडणेकर, वय चोवीस. घर अजमानला, नोकरी जेबेल अलीच्या एका गोदामात. दोन वर्षं अमेरिकेत शिकायला होता, तिथे त्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं. आता दुबईतल्या एका हौशी संघाचा तो क्वार्टरबॅक आहे. मी फिजिओथेरपिस्ट. अल मनखूलमधल्या ज्या क्लिनिकमध्ये मी काम करते, त्याचं या संघाशी कॉन्ट्रॅक्ट आहे. त्या मंगळवारी दुपारी अनिश माझ्या टेबलवर पाय लांब करून बसला आणि म्हणाला, "ताई, अँकलमध्ये काहीतरी आहे. प्लीज, काहीतरी सापडू दे."

काही सापडू नये म्हणून पेशंट देव पाण्यात ठेवतात. हा उलटंच मागत होता.

"का रे?"

"कोच म्हणालेत, पुढच्या शनिवारी सेमीफायनल आहे, तोवर पाय सुधारले नाहीत तर मी बेंचवर. अँकल खराब निघाला तर निदान रीझन तरी मिळेल. नाहीतर मी फट्टू. खलास."

मी कोल्हापूरची. फुटबॉल कुणी मला शिकवायला नको, असा माझा समज होता. या फुटबॉलने तो पहिल्याच दिवशी उतरवला. इथे चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. क्वार्टरबॅक चेंडू घेतो, चार-पाच पावलं मागे सरकतो आणि पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. तेवढ्यात समोरचा संघ त्याला पाडायला धावतो. त्यांना अडवायला त्याचे पाच धिप्पाड गडी त्याच्याभोवती घोड्याच्या नालेसारखा आडोसा करतात. त्या आडोशाला म्हणतात पॉकेट. पॉकेटमध्ये एकच नियम. बाजूने कुणी आलं तर एक पाऊल पुढे जायचं, म्हणजे तो मागून निघून जातो. बाहेर पळालात तर मेलात, कारण तुम्ही कुठे गेलात हे तुमच्याच गड्यांना कळत नाही.

अनिश दर वेळी उजवीकडे बाहेर पळायचा.

मी घोटा तपासला. गुडघा, कंबर, तोल, सगळं तपासलं. पोरगा ठणठणीत होता. आमचे क्लिनिकचे प्रमुख डॉक्टर फादी, लेबनॉनचे, दारातूनच म्हणाले, "घोटा?"

"ठीक."

"गुडघा?"

"ठीक."

"मग फाइल बंद कर, हबीबती. भीतीवर आपण टेप लावत नाही."

"पण भीतीच आहे, हे कुणी तपासलं?"

"यल्ला, पुढचा पेशंट."

मला राग आला. अजूनही येतो. घोट्याला सूज आहे म्हणायचं तर मला मोजपट्टी घेऊन मोजावं लागतं. माणूस भित्रा आहे म्हणायला काहीच मोजावं लागत नाही. कुणीही म्हणावं, इतरांनी मान डोलवावी, आणि ज्याच्याबद्दल बोललं त्याने ते आयुष्यभर वागवावं. मी फाइल बंद केली नाही.

खरं तर मीही एक घोळ आधीच करून ठेवला होता. पाय चुकतात म्हटल्यावर महिनाभर मी त्याला पायांचे व्यायाम दिले होते. जमिनीवर शिडी आखून भराभर पावलं टाकायची, दोरीवरच्या उड्या, सगळं. परिणाम झाला. तो आणखी चपळाईने पळू लागला.

आता मी व्हिडिओ मागवले. मॅचचे आणि प्रॅक्टिसचे मिळून चाळीसेक तुकडे. क्लिनिकमध्ये फोनचा आवाज बंद ठेवायची सक्ती आहे, म्हणून दुपारभर मूक पाय बघत बसले. दोन गोष्टी दिसल्या. एक, तो पळाला तेव्हा निम्म्या वेळा त्याच्या आसपास कुणीच नव्हतं. दुसरी जास्त विचित्र होती. चेंडू हातात आल्यापासून तो पळेपर्यंतचा वेळ मी घड्याळाने मोजला. दर वेळी जवळजवळ सारखा, तीन सेकंदांच्या आत-बाहेर. पाडायला येणारा जवळ असो, लांब असो, नसो. मॅच असो की प्रॅक्टिस.

भीती इतकी वक्तशीर असते?

उत्तर सापडलं बुधवारी सकाळी, आणि ते मला सापडलं नाही. माझी रूममेट रोहिणी नर्सरीत शिकवते. ती ओट्यापाशी पोहे परतत होती, मी टेबलाशी प्रॅक्टिसचा व्हिडिओ लावला. घरात आवाज बंद करायची सक्ती नाही.

"कोण गं हा?" रोहिणी पाठमोरीच म्हणाली.

"क्वार्टरबॅक. सांगितलं नव्हतं का, पळतो तो."

"तो नाही. मोजतोय तो कोण? मघापासून वन, टू, थ्री चाललंय."

"कोच. ते नेहमीच मोजतात."

"आणि थ्री म्हटलं की काय होतं?"

मी व्हिडिओ मागे घेतला. वन. टू. थ्री. अनिश पळाला. पुढचा तुकडा. थ्री. पळाला.

रोहिणीने झारा हातात धरूनच स्क्रीनकडे बघितलं आणि हसली. "माझी पोरं अशीच. मी थ्री म्हटलं की उठून रांग करायची. परवा मी नुसते खडू मोजत होते, तर अख्खा वर्ग दारात."

मोजण्याचं कारण साधं होतं. प्रॅक्टिसमध्ये क्वार्टरबॅकला लाल जर्सी घालतात. लाल जर्सीवाल्याला हात लावायचा नाही, तो जायबंदी झाला तर संघ बसला. पण कुणी पाडतच नसेल तर तो घाई कशाला करेल? म्हणून कोच डॅरेल मोजायचे आणि तीनवर शिट्टी. शिट्टीच्या वेळी चेंडू घेऊन पॉकेटमध्ये असलास तर तू मेलास. निसटलास तर खेळ चालू. सीझनभर, आठवड्यातून दोनदा, अनिशच्या पायांना हेच बक्षीस मिळत होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी मैदानावर कोचना गाठलं. पन्नाशीचे डॅरेल अमेरिकेतून आलेले, एका शाळेत पीटी शिकवतात. बोलणं सगळं इंग्रजीत झालं.

"म्हणजे माझ्या मोजण्यामुळे?"

"मी म्हणत नाही. मला बघायचंय."

"वीस वर्षं मी असंच शिकवतोय."

"म्हणूनच फक्त पाच मिनिटं मागतेय."

त्यांनी घड्याळ बघितलं. "पाच."

डिफेन्सचे सगळे गडी आम्ही बाजूला बसवले. पाडायला धावणारा एकही माणूस मैदानात नाही. अनिशला फक्त सांगितलं, आरामात टाक. कोचनी नेहमीसारखं मोजलं. वन. टू. थ्री. अनिश उजवीकडे सुसाट.

बाजूला पाणी पीत बसलेला डिफेन्सचा सर्वांत आडवा गडी ओरडला, "हबीबी, कुणापासून पळतोयस? आम्ही तर बसलोय!"

सगळे खिदळले. मी कोचना म्हटलं, आता भराभर मोजा. अनिश दीड सेकंदातच पळाला. आता अगदी सावकाश. वन आणि टूच्या मध्ये त्यांनी चक्क नाक शिंकरून घेतलं. अनिश उभा राहिला, आरामात समोर बघितलं आणि चेंडू साथीदाराच्या छातीवर नेऊन ठेवला. शेवटी एकदा काहीच न मोजता. तो नेहमीच्या वेळेला पळाला. घड्याळ आता त्याच्या आत गेलं होतं.

आता कुणी हसत नव्हतं. डॅरेलनी तोंडातली शिट्टी काढली, पुसली, खिशात टाकली.

"सीझनभर मी त्याला भित्रा म्हणालो," ते मला म्हणाले. "तो तर माझं सगळ्यांत जास्त ऐकणारा खेळाडू निघाला."

मग अनिशकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. अनिश नुसता मान हलवत होता, आणि हेल्मेट काढत नव्हता.

आमच्या हातात दोनच प्रॅक्टिस उरल्या होत्या. मोजणं बंद केलं. पाडायला धावणाऱ्यांपैकी कुणातरी एकाच्या हातात पिवळं फडकं दिलं. ते वर झालेलं दिसलं तरच अनिशने हलायचं, तेही एक पाऊल पुढे. दिसलं नाही तर उभं राहायचं. कधी कधी आम्ही मुद्दाम कुणालाच पाठवायचो नाही. सहा-सात सेकंद तो तसाच उभा. उजवा पाय बाहेर निघू बघायचा.

"ताई, पळण्यापेक्षा हे हार्ड आहे."

"दिसतंय. उभा राहा."

सेमीफायनलला डॅरेल कडेला हाताची घडी घालून उभे होते. मी बघतेय हे कळल्यावर न वळता म्हणाले, "मोजत नाहीये मी."

अनिशला त्या दिवशी चार वेळा पाडलं. खरोखर पाडलं. दोनदा तो जुन्या सवयीने पळालाही, दोन प्रॅक्टिसमध्ये सीझन पुसला जात नाही. पण शेवटच्या मिनिटात, तीन गुणांनी मागे असताना, दोन्ही बाजूंनी दोन गडी आले आणि तो एक पाऊल पुढे सरकला. एकच. दोघे त्याच्या पाठीमागे एकमेकांवर आदळले. चेंडू सरळ साथीदाराच्या हातात गेला.

आणि सुटला.

आम्ही हरलो. बाकावर तो साथीदार डोकं धरून बसला होता, आणि कुणीतरी म्हणालंच, "प्रेशर आलं की याचे हात कापतात."

"थांब," अनिश म्हणाला. चेहऱ्याला माती, ओठ फुटलेला. "याचे प्रॅक्टिसचे व्हिडिओ कुठेयत? आधी ते बघू. साउंड ऑन करून."

फिजिओ म्हणून माझा धडा छोटा आहे. पाय बिघडले म्हणून पायच बघत बसू नये. अनिशची फाइल मी सोमवारी बंद केली. निदानाच्या रकान्यात लिहिलं, "घोटा उत्तम. ऐकणं त्याहून उत्तम." डॉक्टर फादींनी खाली सही केली.

माझं लहानपण मोर्चांची पत्रकं वाटण्यात गेलं. शेवटी मागणी लिहिल्याशिवाय आमच्याकडे कागद संपत नसे. तर ही माझी मागणी. तुमच्या घरात, शाळेत, ऑफिसात, मैदानावर कुणालातरी भित्रा ठरवलेलं असेलच. या आठवड्यात पाच मिनिटं फोनवर व्हिडिओ घ्या. फोन त्याच्याकडे नाही, त्याला शिकवणाऱ्याकडे धरा, आणि मग आवाज चालू ठेवून बघा. शिकवणारे तुम्हीच असाल, तर फोन त्याच्या हातात द्या.