सुमतीताईंचा पॅसिफिक

कोलशेतला आमच्या इमारतीचं हवामान खातं सातव्या मजल्यावर आहे, आणि त्याच्या प्रमुख आहेत सुमती खांबेटे. महापालिकेच्या पाणीपट्टी विभागातून त्या निवृत्त झाल्या. मी समोरच्या दारात राहतो, त्यामुळे खात्याचा अंदाज आधी माझ्याकडे येतो आणि मग इमारतभर जातो. कोणी सांगितलेलं नाही, पण हे काम मी आवडीने करतो.

खातं ठाण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याचा सगळा कारभार पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांपुरता. सुमतीताईंचा मुलगा सलिल सौरऊर्जेच्या कामासाठी तिथल्या माजुरो बेटावर गेला, पाठोपाठ त्याची बायको आसावरी गेली, आणि तिथेच त्यांना उर्वी झाली. तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी सुमतीताई मोबाइलवर तिथल्या समुद्राचा अंदाज उघडतात आणि जुन्या रेडिओच्या सुरात नवऱ्याला वाचून दाखवतात.

"पूर्वेचे वारे. तुरळक सरी. लाटा पाच ते सात फूट."

"हं," सुधीरराव पेपरातून म्हणतात. बँकेत नोकरी केलेला, सरळ, गोडखाऊ माणूस.

"हं काय? सात फूट म्हणतायत."

एकदा त्यांनी हा अंदाज आसावरीला पाठवायच्या ऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. गाव-बेट काही न लिहिता नुसतं 'आज जोरदार वारे, गडगडाटासह सरी, कोणीही पाण्यात उतरू नये'. मे महिन्यातली लख्ख दुपार. तरी गच्चीवरचे पापड खाली आले, तळमजल्यावरच्यांनी स्कूटर उंचावर नेल्या आणि सेक्रेटरीने जलतरण तलावाला कुलूप लावलं. ठमाबाईंनी तर वाळत घातलेलं सुकट गोळा केलं. ठमाबाई म्हणजे ज्यांच्या शेतावर आमची इमारत उभी आहे त्या. वरचा अख्खा मजला त्यांचा. संध्याकाळपर्यंत थेंब पडला नाही, तेव्हा त्या खाली आल्या.

"सुमतीबाय, तुझा पाऊस कवा येनार?"

"तो माजुरोला येऊन गेला," सुमतीताई म्हणाल्या.

इथवर सगळं गमतीचं होतं. पेच पडला तो उष्टावणाने.

नातीला पहिला घास आजीने भरवायचा, हे सुमतीताईंनी ती जन्मायच्या आधीच ठरवलेलं. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात. पाचवा गेला व्हिसाच्या भानगडीत. सातवा लागला, तिकिटं काढून झाली, चांदीची वाटी-चमचा बॅगेत गेला, आणि मग सलिलच्या तोंडून निघून गेलं की विमानतळावरून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बोटीचा आहे.

झालं. तिकिटं पुढे ढकलली. समुद्र तीन फुटांवर आला की निघायचं, असं खात्याने जाहीर केलं.

तीनच का, तेही सांगतो. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला सलिलच्या लहानपणीच्या उंचीच्या रेघा आहेत. तिथे सुधीररावांना उभं करून सुमतीताईंनी लाटा मोजल्या. सुधीरराव पाच फूट चार इंच. चार फुटांची लाट त्यांच्या छातीशी येत होती, पाचाची नाकाशी, आणि साताची तर चौकटीवरच्या गणपतीपर्यंत. तीन फुटांची मात्र पँटच्या पट्ट्याखाली राहत होती.

"एवढी चालेल," त्या म्हणाल्या.

"मी बोटीत असणार आहे सुमती. समुद्रात उभा नाही राहणार," सुधीरराव भिंतीला पाठ लावून म्हणाले.

"बोट उलटली की उभंच राहायचंय."

लाटा उतरेनात म्हणून त्यांनी देव पाण्यात ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळी मंडळी स्टीलच्या पातेल्यात. समुद्र तीन फुटांवर येईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. देव पाण्यात म्हणजे नैवेद्य बंद, आणि नैवेद्य बंद म्हणजे घरात गोड बंद. सुधीरराव संध्याकाळी माझ्याकडे येऊन गुपचूप श्रीखंड खाऊ लागले.

"अहो, पॅसिफिक आहे तो," ते चमचा चाटत म्हणाले. "त्याने तीन फुटांवर का यावं? त्याला काय आमच्या घरचं कार्य माहितीये?"

तिकडून आसावरीचा रोज फोन. मी तेव्हा नेमका तिथे चहाला असतो.

"आई, डॉक्टर म्हणाल्या आता वरचं सुरू करा. ही आमच्या ताटावर हात मारते हो. काल माझ्या हातातला पाव ओढला."

"दिला नाहीस ना?"

"नाही दिला. पण किती दिवस? तुमच्यासाठी थांबलोय. या महिन्यात नाही जमलं तर मी भरवते."

हे ऐकून सुमतीताईंच्या हातातली बशी तशीच राहिली. सातवा महिना संपत आलेला. नवव्यापर्यंत पोर थांबणार नव्हती, आणि सून थांबणार नव्हती तेही बरोबरच होतं. मला टोमणा सुचला होता, पण त्यांचं तोंड बघून मी बिस्किट खाल्लं.

मग सलिल फोनवर आला. "आई, तू जे वाचतेस ना, ते बाहेरच्या महासागराचं असतं. माजुरो बांगडीसारखं आहे. गोल कडं, आणि मधे शांत तळं. आपली बोट त्या तळ्यातून जाते. तिथे गुडघाभरसुद्धा लाट नसते."

"बांगडीची उपमा नको देऊस. भलतंसलतं."

"बरं, मेदूवड्यासारखं आहे."

"मेदूवडा सांबारात बुडतोच रे शेवटी."

सलिलने बोटीतून व्हिडिओ पाठवला. पाणी असं, की जणू ताटात ओतलेलं. सुमतीताईंनी तो तीनदा पाहिला आणि म्हणाल्या, "हा जुना असेल." कॉलेजात असताना हाच मुलगा लायब्ररीत आहे सांगून उपवन तलावावर सापडलेला. त्यामुळे पाण्याच्या काठावरून आलेल्या त्याच्या शब्दावर या घरात विश्वास नाही.

आता मला राहवेना. घोडबंदर रोडवर भर ट्रॅफिकमध्ये रिक्षावाल्याला उलटा यू-टर्न घ्यायला लावणारी ही बाई, आणि तळ्याला घाबरते? मी म्हटलं, "ताई, रंगीत तालीम करा. आपल्याकडे खाडी आहे. ठमाबाईंचा पुतण्या दौलत रविवारी लोकांना होडीतून फिरवतो. एक चक्कर मारा. जमलं तर तिकीट, नाही तर देव आहेतच पातेल्यात."

कोलशेतला खाडीकाठी जन्म गेला, पण पाणीपट्टीच्या या बाईने खाडीत पाय बुडवलेला नव्हता. तरी त्या तयार झाल्या. कारण माझ्या बोलण्याचं नव्हतं. आसावरीचं 'मी भरवते' त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. सुमतीताई, सुधीरराव, मी आणि देखरेखीला ठमाबाई. दौलतने नारिंगी जॅकेटं दिली. सुमतीताईंनी स्वतःचं घातलं, मग सुधीररावांच्या जॅकेटचे पट्टे इतके आवळले की त्यांचा आवाज बदलला.

"भरती-ओहोटी पाहिलीस ना रे?" त्यांनी दौलतला विचारलं.

"पाह्यलंय मावशी."

"वारा?"

"वारा हाय थोडा."

"किती नॉट?"

दौलतने ठमाबाईंकडे पाहिलं. ठमाबाई म्हणाल्या, "तू इंजिन चालू कर."

होडी निघाली. दोन्ही काठांना तिवरं, मागे आमचे टॉवर, पाणी चहाच्या रंगाचं. सुमतीताईंनी एका हाताने होडीची कड धरली आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याची कॉलर. मी म्हटलं, "ताई, कोणाला वाचवताय?" त्यांनी कॉलर आणखी आवळली.

मध्यावर पोचलो आणि समोरून रेती वाहणारी एक मोठी बार्ज गेली. तिच्या मागून लाटा आल्या. फार नाही, मोजल्या तर अर्धा फूट. पण होडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडालं. मी दौलतचा पाय घट्ट धरला, हे लिहायचं कारण नाही, पण ठमाबाई सांगतीलच.

सुधीरराव आधी पांढरे पडले, मग हिरवे. मग त्यांनी कडेवरून वाकून सकाळचे पोहे खाडीला अर्पण केले. त्यांच्या पाठोपाठ माझा मोबाइल गेला असता, पण तो सुमतीताईंनी वरच्यावर झेलला.

झेलला म्हणजे त्यांनी कड सोडली होती. कॉलरही सोडली होती. केसांतून खारं पाणी गळत होतं, पदर जॅकेटच्या पट्ट्यात अडकलेला, आणि त्या पुढच्या फळीवर सरळ बसून लाट येताना पाहत होत्या.

"अजून एक आली," त्या म्हणाल्या. मग मागे वळल्या. "अहो, तुम्हाला होतंय का काही?"

सुधीररावांनी मान हलवली. ती हो की नाही ते कळलं नाही.

"मला नाही होत," सुमतीताई म्हणाल्या. हे त्यांनी अशा चेहऱ्याने सांगितलं, जणू पोस्टमनने दुसऱ्याचं पाकीट आणून दिलंय आणि आत यांचंच नाव निघालंय. "मला काहीच नाही होत."

"तेच मी बगतंय," ठमाबाई म्हणाल्या. "बाय, तुना काय झाला नाय. याला ठेव घरा न् तू जा."

चाळीस वर्षांच्या संसारात या जोडप्याने साडीसुद्धा एकमेकांना विचारल्याशिवाय घेतलेली नाही. मला वाटलं, आता ठमाबाईंना ऐकून घ्यावं लागणार. पण सुमतीताई नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि काठाला लागल्यावर म्हणाल्या, "मी इतके दिवस लाटा यांच्या मापाने मोजत होते."

"मग मी काय वेगळं म्हणत होतो?" सुधीरराव म्हणाले. बिचाऱ्यांनी वेगळं काहीच म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी एक तिकीट निघालं. निघायच्या सकाळी मी मुद्दाम विचारलं, "ताई, आज पॅसिफिक काय म्हणतोय?"

"सात फूट."

"मग?"

"मग असू दे. मला कुठे त्यात उभं राहायचंय." आणि बॅग ओढत लिफ्टमध्ये गेल्या.

महिना संपायच्या आत सुधीररावांचा फोन वाजला. आम्ही दोघं सोफ्यावर डोक्याला डोकं लावून बसलो. स्क्रीनवर नारळाची झाडं, निळं स्वस्थ पाणी, आणि व्हरांड्यात सुमतीताई. मांडीवर उर्वी, परकर-पोलक्यात, डोक्यावर कुंची.

"बोटीत कसं झालं?" सुधीररावांनी आधी तेच विचारलं.

"मला काय होतंय? मी पुढे बसलेले. सलिलला मात्र मळमळलं. तुमच्यावर गेलाय."

मागून सलिल काहीतरी म्हणाला, ते कोणी ऐकलं नाही.

सुमतीताईंनी चांदीच्या चमच्यात खीर घेतली, त्यात भाताची दोन शितं. उर्वीने तोंड घट्ट मिटलं. आजीने काऊ-चिऊ केलं, चमच्याचं विमान केलं, शेवटी स्वतःच आ केला. पोरीने तोंड उघडलं, घास आत गेला, आणि तसाच्या तसा आजीच्या नव्या साडीवर आला.

"मीठ पाहिजे होतं," ठमाबाई दारातून म्हणाल्या. त्या कधी आल्या कळलंच नाही.

दुसरा घास गेला. उर्वीने विचार केला. गिळला. मग चमचाच पकडून ओढला.

तिकडे टाळ्या झाल्या. सुमतीताईंनी डोळे पुसायला पदर घेतला, त्याला खीर लागली होती ती गालाला लागली. "अहो, दिसलं का?" त्यांनी विचारलं.

सुधीरराव माझ्याशेजारीच होते. मला दिसलं ते सगळं त्यांना दिसलं होतं, शिताशितासकट.

"नाही गं," ते म्हणाले. "इथे रेंज गेली. परत भरव."

सुमतीताईंनी परत भरवला.