विजोड बूट

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातली इन्तिसार दुकानांच्या सेलमधून स्वस्तात माल उचलायची आणि फोटो टाकून ऑनलाइन विकायची. एकदा तिने मुलांच्या बुटांचं खोकं आणलं. उघडलं, तर प्रत्येक जोडातला एक बूट लहान, दुसरा मोठा.

"आता शोध विजोड पायांची गिऱ्हाइकं!" नवरा नायिफ हसला.

इन्तिसारने काही लपवलं नाही. बूट विजोड आहेत, असं स्पष्ट लिहूनच तिने फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी झर्काहून एका बाईचा फोन आला.

"ताई, माझ्या लेकीचा एक पाय लहान आहे. दर वेळी दोन जोड घेते आणि दोन बूट पडून राहतात. हे खरंच विजोड आहेत ना?"

"खरंच आहेत गं," म्हणत इन्तिसारने लेकीच्या दोन्ही पायांची मापं लिहून घेतली.

आता सेलमध्ये ती आधी विजोड बूटच मागते.