रुमालाखालचा हेर
आमच्या आंब्याच्या दलालाला हेर समजून मी एकदा खोलीत कोंडलं होतं. नवी सून होते, मॅटिनीला हेरपट पाहून आलेले, दारातला गडूसुद्धा संशयास्पद वाटायचा. त्यात काळ्या चष्म्याचा हा पाहुणा! पिकत घातलेल्या आंब्यांच्या अढीचा वास कोंदलेल्या खोलीत तो आणि मामंजी अवाक्षर न बोलता रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत होते. भाव असा बोटांनी ठरतो, हे माझ्या बावळट डोक्याला कुठलं ठाऊक! मामंजी पाणी प्यायला बाहेर येताच मी कडी घातली. सुटल्यावर दलाल तणतणत गेला, हंगामाचा आंबा तसाच पडून. काल तोच सिनेमा रत्नागिरीत पुन्हा लागला, नात घेऊन गेली. पडद्यावर हेर सापडला आणि मला तेव्हाचे मामंजी ऐकू आले, “हेर पकडलास गो सूनबाई, आता हा आंबा तूच विक.”