चार कड्यांचं वजन

सांगू की नको, असं दोन दिवस चाललंय माझं. पण पोटात राहत नाही हो! ऐका आणि विसरून जा.

लग्नाला जेमतेम वीस दिवस झाले होते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात माझ्याबद्दल एक मत तयार झालं होतं : सून बोलत नाही, पण डोकं आहे तिला. एवढी एकच कमाई. तीही मी घालवायला निघाले!

मोहोळच्या माझ्या बाबांनी जावयाला आणि व्याह्यांना अगदी सारखी घड्याळं दिली होती, स्टीलच्या पट्ट्याची. मानपानात डावं-उजवं नको म्हणून. सासऱ्यांच्या मनगटावर ते शोभायचं. आमच्या ह्यांचं मनगट म्हणजे शेवग्याची शेंग! घड्याळ कोपरापर्यंत फिरून यायचं.

म्हटलं, गुपचूप नीट करून आणावं. रविवारी दुपारी हे घोरत असताना मनगटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. (हसताय काय? नवऱ्याला 'हात पुढे करा' म्हणायची लाज वाटायची तेव्हा.) टीव्हीजवळचं घड्याळ उचललं आणि थेट नवी पेठ!

घड्याळवाल्या काकांनी दोऱ्याचं माप बघितलं, पिना ठोकून चार कड्या काढल्या, मऊ ब्रशनं फटींतला मळही काढला. कड्या पुडीत बांधून दिल्या. "जपून ठेवा ताई, लागत्यात कधीतरी." घरी येऊन घड्याळ होतं तिथंच ठेवलं.

सोमवारी सकाळी सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, घड्याळ चढंना की!"

"चढंल कसं?" सासूबाई आतून. "पोराच्या लग्नात जिलेब्या कुणी हाणल्या?"

"मनगटाला चरबी चढती व्हय?"

"तुम्हाला कुठंही चढंल!"

तेवढ्यात हे ऑफिसची बॅग उघडत बाहेर आले. बॅगेतून काय काढलं? तस्संच घड्याळ! हातात घातलं, ते सरळ कोपरापर्यंत गेलं. म्हणजे टीव्हीजवळचं सासऱ्यांचं होतं!

तेव्हाच सांगायचं ना? पण 'डोकं आहे तिला' आडवं आलं.

सासऱ्यांनी घड्याळ कपाटात कुलूपबंद केलं. "वजन उतरल्याशिवाय हात लावणार न्हाई!" लाडू बंद, साखर बंद. सासूबाई म्हणाल्या, एकट्यासाठी वेगळं कोण करणार? झालं! सकाळी दुधीचा रस, दुपारी दुधीची भाजी, रात्री दुधीचं सूप. शेजारच्या काकूसुद्धा कृती विचारून गेल्या. ह्यांचं मनगट आणखी बारीक झालं. मी मान खाली घालून वाढत होते.

पंधराव्या दिवशी साडी काढायला म्हणून कपाटाची किल्ली हातात आली. घड्याळ पर्समध्ये, पुडी पर्समध्ये, रिक्षा, नवी पेठ!

काकांनी चारही कड्या परत बसवल्या. शेवटची पिन ठोकताना म्हणाले, "ताई, आधी काढल्या, आता बसवल्या. भानगड काय हाय?"

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी कुणाला तरी खरं सांगितलं. काकांनी हातोडी खाली ठेवली.

"दोन्ही घड्याळं सारखीच म्हणता?"

"अगदी सारखी."

"मग त्याच दिवशी हे मालकांना द्यायचं, आन् त्यांचं ढिलं सासऱ्यांना! बसवून कशाला घेतल्या कड्या?"

मी तो लख्ख पट्टा परत काकांपुढे सरकवला. मग हळूच विचारलं, "काका… परत काढता का?"