साखळीच्या अलीकडे

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी भावंडं तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवायची. पुढे त्यातलं 'भित्री' गळलं आणि भागूबाई तेवढं चिकटलं. लग्न झालं तसं नावही पाठोपाठ सासरी आलं. ज्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती, तिथले मालकसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारू लागले. तिला त्याचा राग नव्हता. नाव काही खोटं नव्हतं.

तिला कुत्र्याची भीती वाटायची, लिफ्टची वाटायची, गच्चीच्या कठड्याची तर विचारूच नका. झोपायला गेली की गॅस बंद आहे का ते पाहायला उठायची, आणि पाहून आली की आपण नीट पाहिलं का, या शंकेनं पुन्हा उठायची. नवरा म्हणायचा, ओट्याजवळच अंथरूण घालून देऊ का? दुकानाच्या मागच्या खोलीत मात्र ती निर्धास्त असे. एक टेबल, वर वाकवता येणारा दिवा, काच घासायचं यंत्र, फ्रेम मऊ करायचा छोटा हीटर आणि कप्प्याकप्प्यांत चष्म्याची नाकावर टेकणारी पॅड्स. तिथे काही पडलं तर टेबलाच्या उंचीवरूनच पडणार, आणि मोडलं तर तिलाच जोडता येणार.

तिची धाकटी जाऊ दुसऱ्या टोकाची. फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो चालवायची, कपाटं उतरवायला हात द्यायची आणि सुट्टी मिळाली की डोंगरदऱ्या तुडवायला पळायची. दोघींचं एकमेकींशी वाकडं नव्हतं, पण फार सूतही नव्हतं. धाकटीला वाटे, थोरली उगाच जिवाला घोर लावून घेते. थोरलीला वाटे, हिचं काळीज बनवताना काहीतरी घालायचं राहून गेलं आहे.

त्या वर्षी धाकटीनं नदीच्या खोऱ्यातल्या वरच्या धबधब्यापर्यंत जायचं ठरवलं. नवरा बरोबर जाणार होता, तर ऐन वेळी तापानं आडवा झाला. मी एकटी जाते, असं धाकटी म्हणाली आणि सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. एकटीनं जायचं नाही म्हणजे नाही. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत भागूबाईवर येऊन थांबल्या. ती नाही म्हणणार होती. पण धाकटी एकटी त्या पाण्याजवळ आहे आणि आपण घरी फोनकडे बघत बसलो आहोत, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि ते तिला जास्त भयंकर वाटलं. भीतीपोटीच ती हो म्हणाली.

वाटेच्या तोंडाशी एक चौकी होती. तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं की वरच्या अंगाला पाऊस आहे. इथे ऊन दिसलं म्हणून बेफिकीर राहू नका, पाणी गढूळ झालं की लगेच माघारी फिरा. धाकटीनं मान डोलावली. भागूबाईनं त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं.

सुरुवातीची वाट सोपी होती. नदीच्या कडेकडेनं, झाडांच्या सावलीतून. पुढे एक लाकडी पूल लागला. तिथे वाटेची डागडुजी करणारे सासरे-जावई फळ्या बदलत होते आणि फळी कोणी उलटी धरली यावरून त्यांचं जुंपलं होतं. त्यांना ओलांडून दोघी वर निघाल्या. खालचा धबधबा मागे पडला, दरी अरुंद झाली आणि मग वाट कड्यावर चढली.

कड्याच्या पोटात खोदलेली ती पायवाट माणूसभर रुंदसुद्धा नव्हती. एका हाताला ओला खडक, त्यात ठोकलेली लोखंडी साखळी. दुसऱ्या हाताला काहीच नाही, खाली नदीचा फेस. धाकटी साखळीला हात लावून पलीकडे गेलीसुद्धा. भागूबाईचे पाय जमिनीला खिळले.  धाकटीनं आधी थट्टा केली, मग समजावलं, मग गप्प राहून वाट पाहिली. शेवटी भागूबाई खाली बसली आणि बसल्या बसल्या, इंच इंच सरकत, डोळे खडकाकडे ठेवून पलीकडे पोचली. साडीऐवजी सलवार घातली होती, तीही मागून फाटली.

वरचा धबधबा सुंदर होता, असं धाकटी नंतर सगळ्यांना सांगायची. भागूबाईला त्यातलं काही आठवत नाही. तिला परतीची साखळी तेवढी दिसत होती. दोघींनी ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. धाकटी फोटो काढायला डोहाच्या तोंडाशी, दगडांवरून उड्या मारत गेली. भागूबाई पुढे जाऊ नकोस म्हणेपर्यंत तिचा पाय सटकला.

पडली ती बसल्यासारखी, कमरेपर्यंत पाण्यात. हसलीसुद्धा. मग उठायला गेली आणि हसू मावळलं. उजवा पाय दोन धोंड्यांच्या बेचक्यात गेला होता आणि वरचा धोंडा हलून नडगीवर टेकला होता. भागूबाई कशी तिथवर गेली, तिचं तिला ठाऊक नाही. तिनं काखेत हात घालून ओढलं, धोंड्याला खांदा लावला, बुटाची नाडी सोडायचा प्रयत्न केला. ओल्या गाठीवर नखं तुटली. धोंडा तसूभरही हलला नाही. ओढलं की धाकटी दात आवळून कण्हायची. फोनला रेंज नव्हती. हाका मारल्या तर धबधब्यानं गिळून टाकल्या.

थोड्या वेळानं भागूबाईचं लक्ष पाण्याकडे गेलं. मघा तळाचे खडे दिसत होते, ते आता दिसत नव्हते. पाण्याला चहासारखा रंग चढत होता आणि वरून काटक्या वाहत येत होत्या.

तिनं ते बोलून दाखवलं नाही. पण धाकटीनंही पाहिलं होतं. इतक्या वर्षांत जिच्या तोंडून कधी असं काही ऐकलं नव्हतं, ती भागूबाईचा हात घट्ट धरून हळूच म्हणाली, "वहिनी, मला फार भीती वाटतेय."

भागूबाईला वाटलं, आता सगळंच संपलं. आजवर दोघींपैकी एकीनं घाबरायचं आणि एकीनं नाही, अशी वाटणी होती.

"मी पुलाकडे जाते," ती म्हणाली. "त्या दोघांना घेऊन येते."

"साखळी आहे मध्ये."

"माहिती आहे मला."

धाकटीनं हात सोडला नाही. सोडायला हवा हे तिला कळत होतं, पण बोटं ऐकत नव्हती. भागूबाईनंच ती एकेक करून सोडवली. आपली ओढणी तिच्या खांद्यांभोवती गुंडाळली आणि निघाली. मागे वळून पाहिलं असतं तर तिचं पाऊल उचललं नसतं.

लोक तिला पुढे विचारायचे की तेव्हा एवढं बळ आलं कुठून. तसं काही आलंच नव्हतं. त्या पायवाटेपाशी पोचली तेव्हा खालचं पाणी चढलं होतं आणि तुषार वाटेवर येत होते. ती लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडली. बसून सरकायचं म्हटलं, तर ओल्या दगडावर बसल्यावर साखळीपर्यंत हात पोचेना. म्हणून उभं राहावं लागलं. दोन्ही हातांनी साखळी धरून, खडकाकडे तोंड करून, ती कडेकडेनं पाय सरकवत राहिली. पाय लटपटत होते आणि त्या लटपटीनं साखळी खुळखुळत होती. अर्ध्या वाटेवर एक पाय निसटून हवेत गेला. ती साखळीला लोंबकळली, अंगठ्याची साल निघाली, आणि पाय पुन्हा कसा टेकला ते कळलंच नाही. त्या क्षणी जाऊ, नवरा, मुलं, कोणीच तिच्या मनात नव्हतं. पडायचं नाही, एवढंच होतं. याची तिला पुढे फार लाज वाटली.

पलीकडे गेल्यावर ती धावली. पुलावर सासरे-जावई पहार आणि हत्यारं आवरत होते. ती नुसती वर हात दाखवत राहिली. सासऱ्यानं तिला पाणी पाजलं आणि विचारलं, "कोण आहे वर?"

"माझी जाऊ. पाय अडकलाय. पाणी चढतंय."

त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. जावयानं पहार खांद्यावर टाकली, सासऱ्यानं दोर घेतला, आणि दोघं पळत सुटले. तीही मागोमाग गेली. साखळीपर्यंत गेली. ते दोघं झपझप पलीकडे गेले.

ती गेली नाही. हात साखळीवर ठेवला आणि हात पुढे जाईना. मनात म्हणत होती, जा, ती तिकडे एकटी आहे, तुझी वाट बघत असेल. अंगानं साफ नकार दिला. ती अलीकडेच खडकाला टेकून बसली.

त्या बसण्यातली भीती तिला आजही नीट सांगता येत नाही. कड्याच्या वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. पाण्याच्या आवाजाखाली दुसरं काही ऐकू येत नव्हतं. नदीत एक फांदी वाहत आली, मग काहीतरी फिकट रंगाचं आलं, आणि तिला वाटलं की ओढणी आहे. तिनं डोळे मिटून घेतले. उघडून पाहायची हिंमत झाली नाही. घरी जाऊन दिराला काय सांगायचं, त्याची वाक्यं मनात जुळू लागली आणि ती थांबवता येईनात.

मग वळणावर आधी पहार दिसली. तिच्यामागे सासरा, आणि त्याच्यामागे जावई, पाठीवर धाकटीला दोरानं बांधून. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, ओठ निळे. खांद्यांवर ओढणी होती. सासरा म्हणाला की पाणी तिच्या छातीला लागलं होतं.

नडगीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर भागूबाईला जी थंडी भरली ती थांबेचना. दात वाजू लागले. नर्सनं कांबळं आणून दिलं आणि ही पेशंटची कोण, असं विचारलं. धाकटी म्हणाली, "ही माझी थोरली जाऊ. हिनं मला वाचवलं."

नर्स गेल्यावर भागूबाई म्हणाली, "मी परत आले नाही. साखळीशीच बसून राहिले."

"मला वाटलंच होतं. तुम्ही दिसला नाहीत म्हणून मी त्यांना विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बसल्यात अलीकडे. मला बरं वाटलं. तुम्ही पुन्हा त्या वाटेवर आलात तर पडाल, याचीच धास्ती घेतली होती मी."

 धाकटी पलंगावर जरा सरकली आणि भागूबाई तिच्या शेजारी पाय वर घेऊन बसली.

घरात ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. सासूबाई तर शेजारणींना बोलावून बोलावून सांगतात, आणि दर वेळी कडा थोडा उंच होतो. भागूबाई तेव्हा उठून आत जाते. तिची भीती कमी झाली नाही, उलट त्यात भर पडली. रबरी नळीतून जोरात पाणी सुटलं तरी ती दोन पावलं मागे सरते. धाकटी मात्र हाड जुळलं तशी पुन्हा डोंगरात जाऊ लागली, जराशी लंगडत. थोरलीला बरोबर चला असं ती कधी म्हणत नाही. निघताना कुठल्या वाटेनं जाणार ते सांगून जाते, आणि रेंज आली की आधी नवऱ्याला नव्हे, तिला फोन करते. तोवर भागूबाईचा घास घशाखाली उतरत नाही. फोन आला की ती दोनच गोष्टी विचारते. पाण्यापासून लांब आहेस ना, आणि बरोबर कोण आहे.