सिस्टरनी सांगितलंच नव्हतं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही. बापू गेले, त्यांनाही कधी कळू दिलं नाही. आज तुम्हाला सांगतेय — कशापायी, ते माझं मलाच कळत न्हाई.

त्या दुष्काळात आमच्या दिंद्रुडकडच्या विहिरी लवकरच तळाला गेल्या होत्या. माझ्या वडिलांचं, बापूंचं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलं ते सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात. ऊसच नव्हता, कारखाना बंद. पण सभासदांसाठी काढलेला दवाखाना चालू होता.

तिथले डॉक्टर आणि वाघमारे सिस्टर — दोघांचं काम बघत बसावं असं. सिस्टर 'पेशंट उपाशी हाय' म्हणाल्या की डॉक्टर पुन्हा विचारत नसत. आम्हा नातेवाइकांना औषधातलं काय कळणार? आम्ही त्या दोघांकडे बघून धीर धरायचो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, "ह्या दोघांचं एक हाय बग. मग आपल्याला कशाचं भ्याव?"

सिस्टरनी मला बजावलं होतं, "पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई, ताई. भुलीत वर येतं, श्वासात जातं." मी मान हलवली. पण ऑपरेशनच्या सकाळी बाहेर टँकर आला, घागरी वाजू लागल्या आणि बापू कासावीस झाले. "लई कोरड पडली गं. घोटभर दे." मी दिलं. घोटभर नाही — तांब्याभर.

थोड्या वेळानं सिस्टर आल्या. "काही दिलं न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, डॉक्टरांनी त्यांच्यावर.

भुलीत बापूंना उलटी झाली, पाणी फुप्फुसात गेलं. त्या दोघांनीच धडपडून त्यांना वाचवलं. डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले. "पाणी कुणी दिलं?"

आणि मी — मी म्हणाले, "मी दिलं. पण सिस्टरनी सांगितलंच नव्हतं. विचारलंही नाही."

सिस्टर दारातच होत्या. "ताई, मी बोलले ना तुमाला?" एवढंच. मी रडायला लागले. रडणाऱ्या लेकीपुढे कोण काय बोलणार? आणि खरं सांगू? त्यांच्या आडनावाच्या बाईचा शब्द आमच्या भागात माझ्या शब्दापुढे टिकणार नाही, हे तोंड उघडण्याआधीच मला ठाऊक होतं. तेच मी वापरलं.

त्यानंतर डॉक्टर प्रत्येक पेशंटला स्वतः विचारू लागले — सिस्टरांच्या देखत. त्या खाली बघून उभ्या राहायच्या. सगळा वॉर्ड ते बघत होता. एके दिवशी ती म्हातारी लेकाला म्हणाली, "ह्यांचाच एकमेकांवर इस्वास न्हाई. मला घरी ने." ऑपरेशन न करताच ती गेली. पुढं तिचं काय झालं? मी कधी चौकशी केली नाही.

सिस्टरही त्या उन्हाळ्यात नोकरी सोडून गेल्या.

पुष्कळ वर्षांनी त्या पाटोद्याच्या बाजारात भेटल्या. त्यांनीच मला ओळखलं. "वडील कसे हायेत?"

"बरे आहेत," मी म्हणाले. तेव्हा बापू होते.

त्या मनापासून हसल्या. "बरं झालं बाई." मग जरा थांबल्या. आसपास कुणी ऐकत नव्हतं. बोलायला वेळ होता — हवा तेवढा.

मी वळले आणि भाजीवालीला वांग्याचा भाव विचारला.