आजोळी जन्मलेला परका

ती घटना आठवली की अजूनही माझं हातातलं काम थांबतं. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. या प्रकरणात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता, तरी एवढा मी कधीच हादरलो नव्हतो.

निजामाचं राज्य होतं. मी बीड जिल्ह्यात, गेवराईच्या बाजूच्या एका ठाण्याचा अमीन, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. आमची हद्द संपली की इंग्रजांचा नगर जिल्हा सुरू व्हायचा. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे केलेल्या. बाजार, जत्रा, सोयरीक सगळं हद्दीच्या आरपार चाले आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

अशात तिकडचे काही पुढारी आमच्या खेड्यांत येऊन निजामाविरुद्ध भाषणं ठोकू लागले. जिल्ह्याचा कारभार तालुकदार साहेबांकडे असे. साहेब लांबून आलेले, इकडच्या रीतिरिवाजांची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांनी हुकूम काढला की ज्याचा जन्म संस्थानाबाहेरचा आहे आणि ज्याच्याजवळ परवाना नाही, त्याला हद्दीबाहेर घालवावं. हुकूम वाचून आम्ही पुढारी शोधायला लागलो.

थोड्याच दिवसांत माझ्या खबऱ्यानं बातमी आणली. "साहेब, चकलांब्याकडच्या एका गावात इंग्रजी मुलखातला माणूस राहतोय. लई दिसांपासून हाय." खबऱ्या आजवर कधी खोटा ठरला नव्हता. जमादार आणि दोन जवान घेऊन मी निघालो, आणि पोचलो ते थेट पाटलाच्या दारात. थोरले पाटील नुकतेच वारले होते. खबर होती ती त्यांच्या थोरल्या मुलाची. आता पाटीलकी त्याच्याच नावावर व्हायची होती.

तो बैलांपुढे कडबा टाकत होता. मी विचारलं, "जन्म कुठला?"

तो हसलाच. "आजोळचा. पैलं बाळंतपन माहेरी करत्यात न्हवं? तुमी कावून इचारता, साहेब?"

आजोळ पाथर्डीकडचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. आईच्या मांडीवर बसून इकडे आला, तेव्हापासून गाव सोडून राहिलेला नव्हता. मी जबाब लिहून घेतला आणि वर पाठवला. वाटलं, वरचे लोक हसून कागद बाजूला टाकतील. उत्तर आलं ते असं: जन्म बाहेरचा आहे, हद्दपार करा.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. हुकूम तो हुकूम. आम्ही त्याला न्यायला गेलो तेव्हा सारा गाव बाहेर येऊन उभा राहिला होता. बायको दाराला धरून रडत होती. जमादारानं त्याला हद्दीवरच्या नाक्यापलीकडे सोडलं आणि तो आजोळी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई ठाण्यात आली. डोक्यावरचा पदर सारखा करून समोर बसली. "अमीन साहेब, मला बी न्या."

"तुम्हाला कशाला, मावशी?"

"माझा जल्म बी तिकडलाच. लगीन होऊन आले हितं. त्यो परका, तर मी कोण?"

हुकुमाप्रमाणे पाहिलं तर बाई बरोबर बोलत होती. तिनं पुढे विचारलं, "माझ्या लेकाचं नाव तुमाला सांगितलं कुनी?"

ते मलाही कळायला हवं होतं. खबऱ्याला बोलावलं. मारझोड मला आवडत नसे. माणसाला समोर बसवून आपण आपलं काम करत राहायचं. गप्प राहणं त्यालाच जड होतं. याचंही तसंच झालं. "धाकल्या भावानं सांगितलं, साहेब," तो अखेर म्हणाला. "म्हनला, थोरला पलीकडं गेला की पाटीलकी माजीच हाय." धाकट्याच्या वेळचं आईचं बाळंतपण सासरीच झालं होतं, त्यामुळे तो हुकुमात बसत नव्हता. सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला.

म्हातारीनं बीडच्या वकिलाला गाठून अदालतीत अर्ज केला. अदालत तेव्हा नुकतीच तालुकदारांच्या हाताखालून निघून वेगळी झाली होती. तरीही ती त्यांच्या हुकुमाला हात लावील, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

साक्षीला मी उभा राहिलो. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "अमीन साहेब, आपकी पैदाइश कहाँ की?"

माझं आजोळ शेवगावकडचं. "साहेब, पलीकडची," मी म्हणालो. मी घरात थोरला. तोवर हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग त्यांनी आपल्या पेशकारालाही, म्हणजे अदालतीच्या कारकुनालाही, तेच विचारलं. तोही पलीकडचाच निघाला.

त्यानंतर धाकट्याला बोलावलं. भाऊ परका आहे, हे त्यानं ठासून सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "तुझ्या आईचा जन्मही पलीकडचा. मग आईलाही घालवायचं?"

आई समोरच बसली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "हुकूम असंल तर घालवा," तो म्हणाला.

मी चोर-दरोडेखोरांची कबुली ऐकलेला माणूस, पण असं उत्तर कधी ऐकलं नव्हतं.

निकाल लागला. ज्याचं घर, शेत, बायकापोरं इथं आहेत, त्याला म्हणणं मांडायची संधी न देता नुसत्या जन्मगावावरून घालवण्याचा अधिकार तालुकदारांना नाही, असं साहेबांनी लिहिलं आणि हुकूम रद्द केला. तालुकदारांचा हुकूम रद्द! बाहेर येऊन आम्ही एकमेकांना विचारत होतो, खरंच असं झालं का?

म्हातारी माझ्याजवळ आली. "थोरल्याला तेवढं कळू देऊ नका, साहेब. भावाभावांत जल्माचं वैर हुईल."

मी स्वतः त्याला आणायला नाक्यावर गेलो. वाटेत मी तो विषय टाळत इकडचं तिकडचं बोलत होतो. गाव दिसू लागल्यावर तो थांबला.

"कुनी केलं, ते मला पैल्याच दिवशी कळालं व्हतं, साहेब. मला नेलं तवा सारं गाव भायेर आलतं. धाकला घरात असून आला न्हाई." थोडं थांबून म्हणाला, "आईला तेवढं सांगू नका. ती खचंल."

आई काय ऐकून बसली आहे, हे मला ठाऊक होतं. मी मान हलवली.

त्यानंतर कुणाचीही खबर आली की, त्या माणसाच्या आधी मी खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे ते पाहू लागलो. वरून आलेला हुकूम चुकू शकतो आणि तो चुकला असं म्हणणारं कुणीतरी असावं लागतं, हेही तेव्हाच शिकलो. बाकी त्या घरी पुढे अनेकदा गेलो. दोन्ही भाऊ तिथंच होते, पाटीलकी थोरल्याकडेच होती. भाऊ एका पंगतीत जेवायला बसत, म्हातारी दोघांनाही वाढत असे, आणि त्या विषयावर त्या घरात कुणी एक शब्द बोललं नाही.